कारखान्याचं रेकॉर्ड ऑनलाइन तपासायला बसण्याआधी

ओढ्याला केमिकलचं पाणी आलं की आधी फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "प्रदूषण मंडळाच्या साइटवर सगळं असतं, बघून घ्या." बरंचसं असतं, हे खरं. पण कंपनीचं नाव टाकल्यावर काहीच आलं नाही म्हणून कंपनी स्वच्छ, किंवा एक क्लोजर ऑर्डर (कारखाना बंद करण्याचा आदेश) सापडली म्हणून कंपनी बंद, असे निष्कर्ष लोक सर्रास काढतात, आणि ते बहुतेक वेळा चुकीचे निघतात. म्हणून कॉम्प्युटरपुढे बसण्याआधी काय हाताशी असावं ते सांगतो. उदाहरणं महाराष्ट्राची आहेत. गोव्यात मंडळ वेगळं आहे, पण मूळ केंद्रीय कायदे तेच.

सगळ्यात आधी गेटपर्यंत जाऊन या. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशामुळे धोकादायक कचरा हाताळणाऱ्या कारखान्यांना गेटबाहेर माहितीफलक लावावा लागतो. त्याचा फोटो काढा. कंपनीचं पूर्ण नाव, स्पेलिंग आणि प्लॉट नंबर टिपून घ्या. प्लॉट नंबर नावापेक्षा महत्त्वाचा, कारण कंपन्या विकल्या जातात, नावं बदलतात, 'युनिट २' वेगळं निघतं, पण एमआयडीसीतला प्लॉट जागचा हलत नाही. जुनं नाव शोधायचं असेल तर केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या साइटवर नावबदलाची नोंद मिळते. एमआयडीसीबाहेरच्या कारखान्यासाठी गट नंबर आणि गाव घ्या. मंडळाचं कोणतं प्रादेशिक कार्यालय तो भाग बघतं, तेही लिहून ठेवा.

आता पहिला कागद, तो म्हणजे संमतीपत्र. सगळे त्याला कन्सेंटच म्हणतात. १९७४ चा पाणी कायदा आणि १९८१ चा हवा कायदा, दोन्हींखाली ते लागतं. उभारणीसाठी एक आणि चालवण्यासाठी दुसरं. हे वाचल्याशिवाय पुढचं काही उघडू नका, कारण कारखान्यानं नियम मोडला का, याचं उत्तर बहुतांशी या कागदाशी ताडूनच मिळतं. आधी मुदत बघा. मग उत्पादनांचा तक्ता बघा, त्यात कोणता माल महिन्याला किंवा वर्षाला किती टन हे दिलेलं असतं. त्यानंतर सांडपाण्याचा तक्ता. त्यात कारखान्याचं आणि घरगुती पाणी वेगळं दाखवलेलं असतं. प्रमाण सीएमडीमध्ये, म्हणजे दिवसाला किती घनमीटर, आणि शेवटच्या रकान्यात ते पाणी जायचं कुठे. हा शेवटचा रकाना लोक वाचतच नाहीत, आणि खरी गंमत तिथेच असते. तिथे 'सीईटीपीकडे', म्हणजे सामाईक सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडे, असं असेल तर कारखान्याच्या तोंडाशी मापदंड सैल असतात, कारण पुढे सामाईक केंद्रात शुद्धीकरण व्हायचं असतं. 'संपूर्ण पुनर्वापर' असं असेल तर ओढ्यात एक बादलीही जायला नको. मग पाण्याचा बीओडी (सेंद्रिय घाण किती ते दाखवणारा आकडा) किती भरला हा प्रश्न नंतरचा, ते पाणी तिथे आलंच कसं हा आधीचा. मागच्या पानांवर बँक गॅरंटीच्या, म्हणजे अट मोडली तर मंडळ जप्त करू शकतं अशा हमीरकमेच्या, अटी असतात. कुठल्या त्रुटीसाठी किती रकमेची गॅरंटी घेतली आहे, त्यावरून मंडळाला आधीपासून काय खटकत होतं ते कळतं.

मोठ्या प्रकल्पाला याशिवाय पर्यावरण मंजुरी लागते. ती २००६ च्या अधिसूचनेखाली, केंद्राकडून किंवा राज्याच्या प्राधिकरणाकडून मिळते. ही कागदपत्रं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर शोधायची. मंजुरी मिळालेल्या प्रकल्पानं दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो, आणि हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत असं अधिसूचनेतच म्हटलेलं आहे. वाचताना एक लक्षात असू द्या, हा अहवाल कंपनी स्वतः लिहिते. प्रत्येक अटीपुढे 'पालन केले' असं लिहिलेलं पान फारसं कामाचं नाही, जोडलेली परिशिष्टं कामाची. समजा मंजुरी महिना ५०० टनांची, कन्सेंट ४५० टनांचा, आणि दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यायच्या पर्यावरण विवरणात, म्हणजे फॉर्म पाचमध्ये, उत्पादन दिसतंय महिन्याला ६२० टन. मग पाण्याचा एकही नमुना न घेता तुमच्या हातात मुद्दा आला. तीन कागद शेजारी ठेवून वाचण्याची सवय लावून घ्या.

नमुन्याचे अहवाल मिळाले, तर घाई करू नका. मंडळाचे अधिकारी नमुना घेतात, त्याला बोलीभाषेत जेव्हीएस (जॉइंट व्हिजिलन्स सॅम्पल) म्हणतात. आधी नमुना कुठून घेतला ते बघा. ईटीपीच्या, म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या शुद्धीकरण केंद्राच्या, आउटलेटचा नमुना आणि नाल्यातला नमुना या दोन वेगळ्या गोष्टी. मग तारखा. बीओडीची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते. त्यामुळे सोमवारी नमुना घेतला आणि मंगळवारच्या अहवालात बीओडीचा आकडा आहे, असं दिसलं तर तो आकडा आला कुठून, हे विचारायला जागा आहे. कंपनीनं खासगी प्रयोगशाळेकडून करून घेतलेल्या अहवालांत हे जास्त बारकाईनं बघावं. आकडे ताडायचे ते कन्सेंटमधल्या मर्यादेशी. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याचे सर्वसाधारण मापदंड माहीत असलेले बरे, म्हणजे बीओडी ३०, सीओडी (रसायनांसकट एकूण घाण दाखवणारा आकडा) २५०, तरंगणारे घन पदार्थ १००, सगळं लिटरला मिलिग्रॅममध्ये, आणि पीएच ५.५ ते ९. पण कन्सेंटमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. आणखी एक, पाणी कायद्याच्या कलम २१ खालचा नमुना कारखानदाराला नोटीस देऊन, त्याचे दोन भाग करून, सीलबंद करून घेतात. कोर्टात टिकतो तो असा नमुना. तुम्ही बाटलीत भरून आणलेलं पाणी तक्रारीला उपयोगी आहे, पुरावा म्हणून त्याची ताकद कमी.

आदेशांच्या बाबतीत तर मालिका शेवटच्या भागापर्यंत बघितल्याशिवाय बोलूच नये. आधी कारणे दाखवा नोटीस, मग प्रस्तावित निर्देश, कधी अंतरिम निर्देश, मग क्लोजर. पाणी कायद्याच्या कलम ३३अ आणि हवा कायद्याच्या ३१अ खाली वीज-पाणी तोडायला सांगता येतं. आणि मग, बरेचदा काही दिवसांतच, रिस्टार्ट, म्हणजे कारखाना पुन्हा सुरू करायची परवानगी. क्लोजरचा फोटो गावभर फिरतो, रिस्टार्टचा कुणी फिरवत नाही. म्हणून वहीत एक पान तारखांसाठी ठेवा. डावीकडे तारीख, पुढे आदेशाचा प्रकार, दिलेलं कारण, जमा किंवा जप्त केलेली बँक गॅरंटी. त्याच कारणासाठी दुसऱ्यांदा गॅरंटी जप्त झालेली दिसली तर तो तुमचा सगळ्यात मजबूत मुद्दा. कन्सेंट समितीच्या बैठकांची इतिवृत्तंही चाळा. भाषा रुक्ष असते, पण अर्ज का लांबवला किंवा नाकारला याची कारणं तिथेच असतात.

पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं रेकॉर्ड वेगळ्या साइटवर आहे. महाराष्ट्र आणि गोव्याचे खटले पश्चिम विभागाच्या पुण्यातल्या पीठाकडे जातात. निकालापेक्षा संयुक्त समित्यांचे अहवाल आधी वाचा, माझा अनुभव असा की कारखानानिहाय तपशील तिथे जितका मिळतो तितका मंडळाच्या साइटवर मिळत नाही. तारापूरचं प्रकरण यासाठी बघण्यासारखं आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनं, म्हणजे मच्छीमारांच्या संघटनेनं, २०१६ मध्ये दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ च्या निकालात शंभरावर कारखान्यांवर आणि सीईटीपीवर भरपाई बसवली गेली. पण भरपाई बसवली म्हणजे वसूल झाली असं नाही. न्यायाधिकरणाच्या निकालावर ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येतं, त्यामुळे कोणताही निकाल पुढे पाठवण्याआधी तिथलं स्टेटस बघा.

भरपाईचा आकडा कुठून येतो, हेही माहीत असू द्या, म्हणजे तो फुगवलेला की उतरवलेला ते कळेल. केंद्रीय मंडळाचं सूत्र साधा गुणाकार आहे. प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांतला गुणक, उद्योगाचा आकार आणि ठिकाण. उद्योगांचे प्रदूषणानुसार गट पाडलेले आहेत, सगळ्यात प्रदूषण करणारे लाल. निर्देशांक लाल गटाला ८०, नारिंगीला ५०, हिरव्याला ३०. रुपयांचा गुणक साधारण २५०. दहा लाखांपेक्षा कमी वस्तीजवळच्या लाल गटातल्या मध्यम उद्योगाला दिवसाला २० हजार, मोठ्याला ३० हजार. किमान रक्कम दिवसाला ५ हजार. सगळा खेळ दिवसांच्या आकड्यात आहे. उल्लंघन कधी सुरू झालं आणि कधी संपलं असं मंडळानं धरलंय, ती तारीख आदेशात शोधा. वहीतलं तारखांचं पान इथे कामाला येतं.

उघडलेली प्रत्येक पीडीएफ लगेच डाउनलोड करा आणि नावात तारीख टाका. लिंका बदलतात.

एवढं करूनही जे सापडणार नाही, त्यासाठी माहितीचा अधिकार. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. 'कंपनीच्या प्रदूषणाची सर्व माहिती द्या' असा अर्ज केला तर उत्तरही तसंच मोघम येईल. कन्सेंटचा क्रमांक, त्याची तारीख, ठरावीक कालावधीतले जेव्हीएस अहवाल, त्यावर पाठवलेल्या नोटिसा आणि बँक गॅरंटीच्या जप्तीचे आदेश, असं कागदाचं नाव घेऊन मागा. फाइल पाहण्याची परवानगीही त्याच अर्जात मागा. शिवाय पाणी कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मंडळानं अटींची नोंदवही ठेवायची असते आणि त्या सांडपाण्याची झळ बसलेल्या माणसाला ती बघता येते. कार्यालयात हे कलम ऐकून भुवया उंचावतील, तरी विचारा. आणि अर्ज टाकताना कॅलेंडर बघा. न्यायाधिकरणात त्याच्या कायद्याच्या कलम १४ खाली जायचं तर मुदत प्रश्न पहिल्यांदा उद्भवल्यापासून सहा महिन्यांची, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. नुकसानभरपाईसाठी कलम १५ खाली पाच वर्षं. आरटीआयच्या पहिल्या अपिलात दोन-तीन महिने सहज जातात, म्हणून उत्तराची वाट बघत बसू नका, वकिलाशी बोलणं त्याच आठवड्यात सुरू करा.