डीव्हीडी करताना या चुका टाळा: आधी बिटरेटचं गणित, मग बर्निंग

देवळाच्या उत्सवातलं तीन तासांचं नाटक एकाच डीव्हीडीवर बसवायचा हट्ट गोव्यात हमखास धरला जातो. डिस्क होते, पण रंगमंचावर अंधार झाला की काळ्या पडद्यावर चौकोन वळवळायला लागतात. डिस्क बदलून हे जात नाही, कारण दोष बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला मिळणाऱ्या डेटाचा असतो.

साध्या डीव्हीडीच्या 4.7 जीबीत सुमारे 37,600 मेगाबिट मावतात. मेन्यूसाठी थोडी जागा सोडून 36,000 धरा आणि एकूण सेकंदांनी भागा. तीन तासांना 3.3 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) येतात. 192 केबीपीएसचा (सुमारे 0.2 एमबीपीएस) डॉल्बी आवाज वजा जाता चित्राला उरतात जेमतेम 3.1. आवाज पीसीएम, म्हणजे न दाबलेला ठेवलात तर तो एकटाच दीड एमबीपीएस खातो. नाटक मध्यंतराला कापून दोन डिस्क करा, प्रत्येकीला 6.4 मिळतात आणि नटाचा चेहरा ओळखू येतो.

शिगम्याच्या रोमटामेळाच्या मिरवणुकीला तर याहून जास्त लागतं. एमपेग-2, म्हणजे डीव्हीडीवरचं चित्र दाबायची पद्धत, मागच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच साठवायला बघते. हवेत गुलाल उडाला, पताका फडकल्या की प्रत्येक फ्रेममध्ये सगळंच बदलतं. म्हणून कायम एकच बिटरेट न ठेवता टू-पास व्हीबीआर (दोन फेऱ्यांत ठरणारा बदलता बिटरेट) निवडा. पहिल्या फेरीत अवघड जागा हेरल्या जातात, दुसऱ्या फेरीत तिथे जास्त बिट दिले जातात. कमाल मर्यादा 8 ठेवा. नियमाने 9.8 चालतं, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर तिथे अडखळतात.

व्हॉट्सॲपवरून आलेली क्लिप 8 एमबीपीएसने बदलून काही सुधारत नाही. गेलेला तपशील परत येत नाही, फक्त चौकोन नीट जपले जातात. ज्याने चित्रीकरण केलं त्याच्याकडून मूळ फाइलच मागा.

जुन्या व्हीएचएसचं दुखणं वेगळं. तिचे मुंग्यांसारखे ठिपके एन्कोडरला (चित्र दाबणाऱ्या सॉफ्टवेअरला) हालचाल वाटतात आणि बिट त्यांच्यावरच खर्च होतात; आधी हलकं डीनॉइझ करा, म्हणजे ठिपके थोडे कमी करा. आपल्या पावसाळी दमटपणाने टेपवर पांढरी बुरशी दिसली, तर ती साफ केल्याशिवाय व्हीसीआरमध्ये घालूच नका, हेड खराब होऊन पुढच्या टेपाही बिघडतात. हालचाल मागे-पुढे झटके देत असेल तर फील्ड ऑर्डर (फ्रेमच्या सम-विषम ओळींपैकी आधी कोणत्या, तो क्रम) उलटी पडली आहे. डीव्ही कॅमेऱ्याचं चित्रण बॉटम फील्ड फर्स्ट (खालच्या ओळी आधी) असतं, तीच सेटिंग ठेवा.

पूर्ण डिस्क करण्याआधी सगळ्यात अवघड एक मिनिट पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर बर्न करा आणि ते टीव्हीवरच पाहा.