झोपण्यापूर्वी काशाची वाटी

दिवसभर उभं राहून पाय भरून येतात? रात्री तळपायांना चमचाभर तूप किंवा तिळाचं तेल लावा आणि काशाच्या वाटीचा तळ टाचेपासून बोटांकडे गोल गोल फिरवा. एका पायाला 5-7 मिनिटं पुरेत. टाचेवर जोर चालतो, मधल्या खोलगट भागात हात हलकाच हवा. तळवे काळपट होतात. त्याला ‘उष्णता बाहेर पडली’ म्हणतात, पण तो रंग तेलात घासल्या गेलेल्या काशाचा. आराम मात्र अगदी खरा, आणि घरातल्या कुणी चोळून दिलं तर झोप लवकर लागते. पाय पुसूनच फरशीवर उतरा. मधुमेहाने तळवे बधिर झाले असतील किंवा एकाच पोटरीला सूज, ठणका असेल तर चोळू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.