प्राचीन वसाहत शोधताना जुनं उपग्रहचित्र आधी उघडा

प्राचीन वसाहतींचा नकाशा करायला बसलं की हात आपसूक आजच्या रंगीत उपग्रहचित्राकडे जातो. पण ट्रॅक्टर, कालवे आणि धरणांनी जुन्या वस्त्यांची कितीतरी टेकाडं सपाट केली, नाहीतर बुडवली. म्हणून सुरुवात ‘कोरोना’ या अमेरिकी हेरउपग्रहांच्या चित्रांपासून करा. १९६० ते १९७२ दरम्यान टिपलेली ही कृष्णधवल चित्रं १९९५ मध्ये खुली झाली. यूएसजीएस या अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या ‘अर्थएक्सप्लोरर’ संकेतस्थळावरून स्कॅन झालेली फुकट मिळतात. ईशान्य सीरियात टेल ब्राक या प्राचीन वसाहतीच्या टेकाडाभोवती आऱ्यांसारख्या पसरलेल्या प्राचीन वाटा त्यांत काळसर रेघांसारख्या दिसतात, कारण त्या खोलगट पट्ट्यांत ओल टिकते.

खरी कटकट पुढे. ही चित्रं लांबुळक्या पट्टीत असतात आणि कडेला वेडीवाकडी ताणली जातात. अख्खी पट्टी क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवत बसू नका; हवा तेवढाच तुकडा कापा, शक्यतो मधला. मग त्यातल्या जिओरेफरन्सरमध्ये, म्हणजे चित्र नकाशावर जागच्या जागी बसवणाऱ्या साधनात, खुणेचे बिंदू (जुन्या चित्रात आणि आजच्या नकाशावर दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या जागा) तुकडाभर पसरून द्या, एका कोपऱ्यात गर्दी नको. जुना पूल, रस्त्यांचा चौक, दगडी इमारतीचा कोपरा चालेल. नदीचं वळण मात्र नको, पात्र सरकतं. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ ही चित्र रबरासारखं ताणून प्रत्येक बिंदूवर बसवणारी पद्धत निवडलीत तर बिंदूंपाशी चूक जवळपास शून्य दिसेल, त्यावर भाळू नका. दोन-चार ओळखीच्या जागा बाजूला ठेवून त्यांवर ताळा करा.

पावसाळ्यानंतरचं आणि कोरड्या महिन्यातलं, अशी दोन्ही चित्रं मिळाली तर सोडू नका. एकात न दिसलेलं टेकाड दुसऱ्यात उठून दिसतं.