वायफाय वायरपेक्षा हळू चालणारच, पण इतकं हळू नको: या चुका टाळा

वायफाय वायरपेक्षा हळू चालतं, हा बिघाड नाही. हे आधी मनाशी पक्कं करा, मग पुढचं वाचा. रत्नागिरी जिल्ह्यात घरोघरी नेट जोडायला आणि दुरुस्त करायला जातो तेव्हा माझा निम्मा वेळ मूळ बिघाडात जातच नाही. त्याआधी कोणीतरी घाईघाईत करून ठेवलेले उपाय काढण्यात जातो.

केबलमधून डेटा एकाच वेळी येतो आणि जातो, आणि ती केबल फक्त तुमच्या लॅपटॉपची असते. हवेत तसं नाही. एका चॅनलवर, म्हणजे हवेतल्या एका ठरावीक पट्ट्यावर, एका वेळी एकानेच बोलायचं. राउटर, फोन, टीव्ही सगळे आधी कानोसा घेतात, हवा मोकळी दिसली तरी क्षणभर थांबतात, मग पाठवतात. समोरून पोच आली नाही तर तेच पुन्हा पाठवतात. अरुंद पुलावर समोरची गाडी उतरेपर्यंत आपण अलीकडे थांबतो, तसंच हे. आणि शेजाऱ्याचं वायफाय त्याच चॅनलवर असेल तर त्याच्या गाड्याही त्याच पुलावरून जाणार. म्हणून राउटरच्या खोक्यावर ३०० एमबीपीएस (सेकंदाला किती मेगाबिट डेटा जातो ते माप) छापलेलं असलं तरी तो हवेतला कच्चा वेग झाला. त्यातला निम्मा ते दोन तृतीयांश हातात पडला तर तुमचं वायफाय उत्तम चाललंय.

फोनचीही मर्यादा असते. वायफायचे मुख्य बँड दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. एका अँटेनाचा साधा फोन २.४ च्या २० मेगाहर्ट्झ रुंद चॅनलवर जास्तीत जास्त ७२ एमबीपीएसला जोडला जातो, हातात ४०-४५ येतात. मग प्लॅन १०० चा असो की ५०० चा. हे माहीत नसल्यामुळे माणसं प्लॅन वाढवत जातात आणि फोनवर आकडा तिथेच राहतो.

वायर न लावताच निदान करणं

ही माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक. हॉलमधल्या सोफ्यावर बसून फोनवर स्पीड टेस्ट करायची, आकडा कमी दिसला की कस्टमर केअरला फोन, नाहीतर नवा राउटर. लॅपटॉपला केबल लावून बघितल्याशिवाय मी सेटिंगच्या पानावर जात नाही. कोणी कितीही घाई केली तरी नाही.

पद्धत साधी आहे. बाकीची यंत्रं बंद करून राउटरला केबलने लॅपटॉप जोडा आणि मोजा. मग त्याच खोलीत राउटरपासून पाच-सहा फुटांवर उभं राहून ५ गिगाहर्ट्झवर मोजा. मग जिथून तक्रार आहे त्या जागी जाऊन मोजा. तीन आकडे कागदावर लिहा. मी पेन्सिलीने राउटरच्या खोक्यावरच लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येते. पहिला आकडा प्लॅनएवढा नसेल तर लाइन, पोर्ट (केबल खोचायची जागा) किंवा केबल बघायची. पहिला बरोबर असून दुसऱ्याला घसरला तर राउटर किंवा फोन. पहिले दोन बरोबर आणि तिसरा पडला तर भिंती आणि अंतर. इतकं केलं की निम्म्या तक्रारी कुठे बघायचं ते स्वतःच सांगतात.

चिपळूणमधल्या एका घरी प्लॅन ३०० चा. दोन राउटर बदलून झाले होते, तिसरा खोक्यात तयार होता. मी केबल लावली तर आकडा ९४. परत मोजला, ९४. जुना राउटर लावला, तरी ९४. हा आकडा दिसला की समजायचं, कुठेतरी १०० एमबीपीएसची जोडणी आहे. १०० च्या पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५ च्या वर काही येत नाही. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसच्या जोडणीला, चारही लागतात. एखादी तार तुटकी निघाली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते. दिवा लागलेलाच राहतो, नेट चालूच राहतं, कुठेही काही लाल दिसत नाही.

फायबरच्या डब्यापासून राउटरपर्यंत जी हातभर केबल होती, तिची क्लिप मी उजेडात धरली. पारदर्शक प्लास्टिकमधून दिसत होतं: तपकिरी तार आखूड कापली गेली होती आणि क्लिपच्या टोकापर्यंत पोचलीच नव्हती. सात तारा पुढे टेकलेल्या, आठवी दोन मिलिमीटर मागे. क्लिप तोडली, तारा सरळ केल्या, पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी अशा लावून एकाच कापात टोकं समान केली आणि नवी क्लिप दाबली. पुढच्या टेस्टला आकडा २९० च्या पुढे. दोन राउटरचे पैसे गेले होते, दोष होता तो एका क्लिपमध्ये. क्रिम्पिंग करताना, म्हणजे क्लिप दाबून बसवताना, टोकं समान कापायला आणि दाबण्यापूर्वी एकदा डोळ्यांनी बघायला अर्धं मिनिट जास्त लागतं. ते अर्धं मिनिट वाचवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

अजून एक: खोक्यावर १२०० लिहिलेल्या कित्येक स्वस्त राउटरांचे पोर्ट १०० चेच असतात. आत येणारी वाटच १०० ची म्हटल्यावर वायफायही त्याच्या वर जाणार नाही. विकत घेताना खोक्याच्या मागच्या बाजूला 'गिगाबिट पोर्ट' असं लिहिलंय का ते वाचा. केबल घेताना तांब्याचीच मागा. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडली की आतला पांढरा धातू दिसतो. ती वाकवली की तुटते. मी दुकानातच खरवडून बघतो, दुकानदाराला आवडो न आवडो.

रिपीटर चुकीच्या जागी लावणं

रत्नागिरीपासून तासाभरावरच्या एका वाडीतलं जांभ्या चिऱ्याचं कौलारू घर. पुढे ओटी, मधे माजघर, मागची पडवी बंद करून केलेली खोली. फायबर ओटीवर आलेलं, कारण जोडणीवाल्याला तेच सोपं. त्या घरच्या वहिनी पुण्यातल्या ऑफिसचं काम मागच्या खोलीत बसून करायच्या. मधे फूटभराहून जाड चिऱ्याच्या दोन भिंती. मीटिंगमध्ये आवाज तुटायचा. पाऊस लागला आणि त्या घरच्या काकांचा फोन आला.

जाऊन बघतो तर वहिनींच्या टेबलाशेजारच्या प्लगमध्ये एक रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल ऐकून पुढे पाठवणारं यंत्र. त्याने भागलं नाही म्हणून माजघरात दुसरा. प्लॅन १०० चा, टेबलावर मिळत होते ४. काका म्हणाले, "अरे, पण रेंज तर फुल दाखवते." तीच तर फसगत. फोनवरच्या कांड्या फोन ते रिपीटर एवढंच अंतर सांगतात. रिपीटरला स्वतःला मागून किती ऐकू येतंय, ते त्यात कळत नाही.

मी दोन्ही रिपीटर काढले आणि टेबलापाशी फोनवर सिग्नल मोजला: उणे ८४ डीबीएम. हे सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे जवळजवळ समोर, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर चालतो, उणे ८० च्या खाली गेलात की काही खरं नाही. आणि जिथे उणे ८४ आहे, तिथेच रिपीटर लावला होता! ज्याला स्वतःलाच धड ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? शिवाय एकाच रेडिओचा रिपीटर जे ऐकतो तेच त्याच हवेत पुन्हा बोलतो, म्हणजे प्रत्येक बाइट दोनदा हवेतून जातो आणि वेग निम्म्यावर येतो. दुसरा रिपीटर लावला की पुन्हा तोच खर्च.

त्या घरात भिंतीला भोक पाडायचीही गरज नव्हती. कौलारू घरात भिंत आणि वासे यांच्यामधे फट असते. ओटीवरून केबल वर घेतली, माळ्यावरून दोन्ही भिंतींच्या डोक्यावरून नेली आणि मागच्या खोलीत उतरवली. १८ मीटर भरली. उंदीर कुरतडतात म्हणून पूर्ण लांबी पाइपात घातली. मागे त्यांचाच पडून असलेला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरने आलेलं नेट फक्त हवेत सोडायला, लावला: त्यातलं डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) बंद केलं, आयपी पत्ता बदलला आणि केबल लॅन पोर्टमध्ये दिली. वहिनींच्या लॅपटॉपला सरळ वायर. तिथे आकडा आला ९४, आणि १०० च्या प्लॅनला तो बरोबरच आहे. दोन रिपीटरच्या पैशात केबल, पाइप आणि माझी मजुरी सगळं निघालं असतं.

केबल दिसते, घर वाईट दिसतं, म्हणून नको म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझं मत ठाम आहे: टीव्ही, कामाचा संगणक, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, जे जे जागचं हलत नाही त्याला वायर द्या. ते हवेतून उतरलं की फोनला हवा मोकळी होते. ॲक्सेस पॉइंटला मागून वायर असेल तर तो कुठेही ठेवा. वायर शक्यच नसेल आणि रिपीटर घ्यावाच लागला, तर तो मधल्या वाटेवर लावा, जिथे सिग्नल अजून चांगला आहे अशा जागी. अडचणीच्या खोलीत नाही.

बाकीच्या चुका

राउटर टीव्हीच्या मागे, टीव्ही युनिटच्या कप्प्यात, लोखंडी कपाटावर किंवा फ्रिजच्या आडोशाला ठेवू नका. धातू सिग्नल अडवतो, आरशामागचा मुलामासुद्धा. डोक्याएवढ्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. अँटेना उभ्या ठेवल्या की सिग्नल आडवा पसरतो. माडीवर न्यायचा असेल तर एक अँटेना आडवी करा.

रत्नागिरी शहरातल्या इमारतींमध्ये हमखास दिसणारी चूक म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ३ किंवा ९ नंबरचं चॅनल. वायफाय तपासायच्या ॲपमध्ये तिथे कोणी दिसत नाही, म्हणून रिकामं समजून निवडतात. पण २.४ वर एकमेकांना न भिडणारी चॅनल तीनच: १, ६ आणि ११. ३ वर बसलात की १ आणि ६ दोघांचाही गोंगाट तुमच्या वाट्याला, आणि तो परका गोंगाट असल्यामुळे राउटरला नीट पाळीही धरता येत नाही. ६ वर शेजारी असला तरी ६ च घ्या, तो निदान थांबून बोलतो. इमारतीत २.४ ला ४० मेगाहर्ट्झ रुंदी देऊ नका, २० ठेवा.

मी दोन्ही बँडना वेगळी नावं देतो. एकच नाव ठेवलं की फोन बहुतेक वेळा लांब पोचणाऱ्या २.४ वर चिकटून राहतो. ५ वर जागा भरपूर आहे, २०१८ मध्ये सरकारने तिथला मोठा पट्टा परवान्याविना खुला केला. फक्त ५ चिऱ्याच्या भिंतीपलीकडे फारसं जात नाही, हे लक्षात ठेवा.

सुरक्षेच्या सेटिंगमध्ये टीकेआयपी ही डेटा गुप्त ठेवण्याची जुनी पद्धत असेल तर वेग ५४ च्या वर चढत नाही. डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडा.

लांब कोपऱ्यातला जुना फोन सगळ्यांचा वेळ खातो. ६ एमबीपीएसवर चालणारं यंत्र तेवढाच डेटा पाठवायला ७२ वाल्याच्या बारापट हवा अडवतं.

डाउनलोडला १२ दिसतंय म्हणून ओरडण्याआधी एकक बघा. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोड मेगाबाइटमध्ये दिसतं. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा.

यूएसबी ३ ची हार्ड डिस्क राउटरला चिकटून ठेवू नका, ती २.४ वर गोंगाट करते. चालू मायक्रोवेव्हही करतो. वायफायचा वेग वाढवणारी ॲप डाउनलोड करू नका, फोनमधलं ॲप भिंत पातळ करत नाही.

शेवटचं, अंगणापलीकडच्या घरात नेट न्यायचं असेल त्यांच्यासाठी. तांब्याची केबल उघड्यावरून ओढू नका. वीज लांबच्या माडावर पडली तरी दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात, मी पावसाआधीच्या आणि परतीच्या पावसातल्या गडगडाटानंतर असे पोर्ट बदलले आहेत. दोन घरांमध्ये फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) लावा. फायबरला आधाराची लोखंडी तार असेल तर ती घरात शिरण्याआधी बाहेरच खिळ्याला बांधून तोडा. आत फक्त फायबर येऊ द्या.