शून्याने गुणूनही नॅन उरतो तेव्हा

तोच प्रोग्रॅम, तोच डेटा. माझ्या लॅपटॉपवर उत्तर नीट, सर्व्हरवर सगळीकडे नॅन (NaN, म्हणजे 'ही संख्याच नाही' असं सांगणारी खूण). फरक एकच, दोन्हीकडची ब्लास (BLAS, व्हेक्टर-मॅट्रिक्सची गणितं करणारी) लायब्ररी वेगळी.

शोधत गेलो तर जुन्या कोडमध्ये मॅलॉकने घेतलेला (म्हणजे मेमरी मिळालेली, पण आत काय आहे ते न ठरलेला) व्हेक्टर शून्यांनी भरायला डीस्कॅल वापरलेलं, अल्फा शून्य देऊन. डीस्कॅल हे ब्लासमधलं फंक्शन व्हेक्टरच्या प्रत्येक घटकाला अल्फा या संख्येने गुणतं. आयईईई ७५४ या दशांश संख्यांच्या गणिताच्या मानकाप्रमाणे शून्य गुणिले नॅन म्हणजे नॅनच. मूळ फोरट्रानमधलं डीस्कॅल सरळ गुणाकार करतं, त्यामुळे मेमरीतला कचरा नॅन असेल तर तसाच राहतो. काही वेगवान आवृत्त्या मात्र अल्फा शून्य दिसताच थेट शून्य लिहायच्या. मॅट्रिक्सचा गुणाकार करणाऱ्या डीजेमची गोष्ट उलटी: ते गुणाकारात जुन्या सी मॅट्रिक्सची बीटा पट मिळवून उत्तर सी मध्येच ठेवतं, पण बीटा शून्य असेल तर सी आधी भरलेला असण्याची गरज नाही, हे दस्तऐवजातच लिहिलंय. हा भेद लक्षात ठेवायचा तरी कुणी!

डीस्कॅल काढून मेमरीत थेट शून्य भरणारं मेमसेट टाकलं, प्रश्न मिटला.

मग इनपुटमध्ये नॅन आहे का ते तपासायला इझनॅन हे फंक्शन घातलं, तर ते काही पकडेना. जीसीसी या कंपायलरला फास्ट-मॅथ हा गणित वेगवान करणारा पर्याय दिलेला. नॅन येणारच नाही असं धरून जीसीसी ती तपासणीच उडवून टाकतो. त्या फाइलपुरता तो पर्याय बंद केला.

सर्वांत मोठ्या घटकाचा (चिन्ह सोडून) क्रमांक देणाऱ्या ब्लासच्या आयडीएमॅक्सवरही नॅन शोधायला विसंबू नका. मूळ आवृत्तीत पहिलाच घटक नॅन असेल तर उत्तर १. मधे कुठे असेल तर तुलना खोटी ठरते आणि नॅन गुपचूप वगळला जातो. पायथनच्या सायपाय लायब्ररीतल्या लिनाल्गमध्ये चेक_फायनाइट (डेटात नॅन किंवा अनंत आहे का ते बघणारी तपासणी) मुळातच चालू असतं, वेगासाठी ते बंद करण्याआधी डेटा स्वतः तपासा.