वावरात अ‍ॅजिलिटी: शेल्टी किंवा कॉर्गी घेऊन सुरुवात कशी करायची

कुत्र्यासोबत धावत त्याच्याकडून उड्या, बोगदे असे अडथळे पार करून घ्यायचा खेळ म्हणजे अ‍ॅजिलिटी. बहुतेक लोक अ‍ॅजिलिटीचे व्हिडिओ पाहतात आणि दुसऱ्याच दिवशी वेल्डिंगवाल्याकडे उड्यांचे स्टँड बनवायला टाकतात. तसं करू नका. सामान सगळ्यात शेवटी लागतं. रिंगणात पट्टा नसतो, हातात खाऊ नसतो, कुत्र्याला हात लावता येत नाही, मग कुत्र्याकडे बघायला उरतं काय तर तुमचे पाय, खांदे आणि आवाज. तेवढं त्याला वाचता आलं पाह्यजे, बाकी सगळं त्यावरच उभं राहतं.

खेळ असा हाय की 1978 साली इंग्लंडच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून हा प्रकार पहिल्यांदा दाखवला गेला आणि मग जगभर पसरला. एफसीआय म्हणजे कुत्र्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या नियमात 15 ते 22 अडथळे नंबरप्रमाणे पार करायचे. उडीचा बार पडला 5 फॉल्ट (दंडाचे गुण), चढ-उताराच्या पाटीवरच्या रंगीत पट्ट्याला पाय न लावता उडी मारली 5, अडथळा टाळला 5, तीनदा टाळला की बाद, आणि क्रम चुकला तरी बाद.

लहान हर्डिंग ब्रीड (गुरं-मेंढ्या हाकणारी जात) म्हणजे आपल्याकडे मुख्यतः शेल्टी (शेटलंड शीपडॉग) नाहीतर पेम्ब्रोक कॉर्गी. खांद्यापाशी उंची 35 सेंटीमीटरच्या आत असली तर स्मॉल गटात, 35 ते 43 च्या आत असली तर मीडियम. शेल्टी नेमकी या सीमेवर येते, त्यामुळे पिल्लू घेतानाच आईबापाची उंची विचारून ठेवा, कारण स्मॉलची उडी 25 ते 30 सेंटीमीटर आणि मीडियमची 35 ते 40. कॉर्गीचं अंग लांब, पाय आखूड, तिच्या पाठीच्या मणक्यावर ताण येतो म्हणून तिला कधीच जाड होऊ द्यायचं नाही.

शेल्टीवाल्यांनी हे नीट वाचा. या जातीच्या काही कुत्र्यांमध्ये एमडीआर1 नावाच्या जीनमध्ये दोष असतो आणि मग आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस थेट मेंदूवर जातो. गावात गोचीड झाले की हेच इंजेक्शन सर्रास टोचतात, गायी-बकऱ्यांसाठी आणलेलं औषध तर घरातच पडलेलं असतं. डॉक्टरांना आधी सांगा की भाऊ, ही शेल्टी हाय, दुसरं औषध द्या. गालाच्या आतून नमुना घेऊन टेस्ट होते, जमली तर करून घ्या. जुलाब लागले म्हणून माणसाची लोपरामाइडची गोळीही घरी देऊ नका, तिचाही तोच धोका.

आता शिकवणं. सुरुवात मोकळ्या जागेत, एकही अडथळा न ठेवता. कुत्रं डाव्या बाजूला, डाव्या हातात उकडलेल्या चिकनचा छोटा तुकडा, गोल चालायचं आणि ते गुडघ्याजवळ आलं की तिथंच, पायाला लागून, तुकडा द्यायचा. समोर हात लांब करून देऊ नका, नाहीतर ते तुमच्या पुढे पळून तोंडाकडे पाहायला शिकते. मग उजव्या बाजूनं तेच. हे पक्कं झालं की धावता धावता कुत्र्याच्या पुढं जाऊन त्याच्याकडे तोंड करून वळायचं आणि हात बदलायचा, याला फ्रंट क्रॉस म्हणतात. आधी खांदा वळतो, मग पाय, आणि कुत्रं खांदा वळतानाच वळायला लागलं की समजा गाडी रुळावर आली. दोन-तीन मिनिटं करायचं आणि त्याला अजून हवं असतानाच थांबायचं.

या कुत्र्यांच्या रक्तात गुरं-मेंढ्या हाकणं हाय, तुम्ही जोरात धावले की भुंकतील, टाचेला चावतील. ओरडू नका, जागेवर उभे राहा, शांत झालं की परत धावा. आणि बकऱ्या दिसल्या तरी बोलावल्यावर परत येणं, हे लांब दोरी बांधून रोज करा. गावात याच्याशिवाय पट्टा सोडायचा नाही.

जागा निवडताना वावर दिसते मोकळं पण उन्हाळ्यात काळ्या मातीच्या भेगांत पाय अडकून मोडतो, पावसात चिखल बोटांत बसतो, सोयाबीन काढल्यावरचे खुंट तळव्याला कापतात, सराटे तर हायेतच. फवारणी झालेल्या पऱ्हाटीच्या धुऱ्यावरही नेऊ नका. गवत असलेलं पडीत किंवा विचारून घेतलेलं शाळेचं मैदान सगळ्यात बरं.

सामान घरीच होतं. वीव्ह पोल म्हणजे कुत्र्यानं नागमोडी पार करायचे खांब, त्यासाठी 60 सेंटीमीटरवर एक अशा 12 सळया गाडा आणि वरून पीव्हीसी पाइप घाला, कुत्र्याचा डावा खांदा पहिल्या पाइपाकडे ठेवून आत शिरायचं हा नियम. उडीचा बार नुसता टेकवायचा, कधीच बांधायचा नाही, धक्का लागला की पडला पाह्यजे. बोगदा 60 सेंटीमीटर व्यासाचा असतो, मोठ्या प्लास्टिक ड्रमची दोन्ही तोंडं कापून सुरुवात होते, फक्त तो कीटकनाशकाचा ड्रम नको आणि कापलेल्या कडेवर जुना रबरी पाइप चिरून बसवा. सी-सॉ म्हणजे वरखाली होणारी पाटी, तिच्या आपटण्याला कुत्रं घाबरते म्हणून आधी जमिनीवरची पाटी विटेवर टेकवून टप टप वाजवत खाऊ द्या. हाडं पक्की व्हायच्या आधी, म्हणजे साधारण सव्वा वर्षापर्यंत, बार जमिनीवरच. एफसीआयच्या स्पर्धेत 18 महिन्यांच्या आधी उतरताही येत नाही.

मार्च ते मान्सून येईपर्यंत दिवसा बाहेर सराव बंद, पारा 45 ला जातो तिथं दुहेरी केसांचं कुत्रं टिकत नाही. पहाटेच करा, नाहीतर घरात फरशीवर थांबणं आणि वळणं. केस मात्र मशीननं काढू नका. धापा थांबत नसतील, लाळ घट्ट येत असेल, पाय लटपटत असतील तर लगेच अंगावर पाणी ओता, पंखा लावा आणि डॉक्टरकडे पळा.

स्पर्धेसाठी शहरातच जावं लागते, म्हणून केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी, मायक्रोचिप आणि रेबीजच्या लसीचं कार्ड आधीच करून ठेवा. रेल्वेत फर्स्ट एसीचा कूपे मिळाला तर ठीक, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत कुत्रं ठेवण्यापेक्षा रात्री स्वतःच्या गाडीनं निघा. सुरू व्हायच्या आधी कुत्र्याशिवाय कोर्स (अडथळ्यांचा मार्ग) चालून पाहायला देतात, तेव्हा अडथळे पाठ करत बसू नका, तुम्ही कुठं वळणार ते पायानं दोन-तीनदा करून घ्या. आणि रिंगणात कुत्रं घाबरलं, वास घेत फिरायला लागलं तर एन्ट्रीचे पैसे गेले म्हणून ओढत नेऊ नका, त्याला जमेल अशी एक सोपी उडी घ्या, बाहेर या आणि पट्टा लावून पाणी पाजा.