खिशातला स्क्रू ड्रायव्हर कसा निवडायचा

आधी आपल्याला रोज कुठले स्क्रू लागतात ते बघा, स्विचबोर्ड, दाराची कडी, कुकरचं हँडल, बहुतेक ठिकाणी प्लसचं पीएच२ नाहीतर त्याहून लहान पीएच१ (हे प्लस टोकाचे साइज) चालतं, चष्म्याला मात्र अगदी बारीक टोक लागतं. माझ्या मते दांडी उलटी करून घालता येते, एकीकडे प्लस एकीकडे चपटा, तोच बेस्ट. क्लिप घट्ट हवीच. दुकानात टोक स्क्रूच्या खाचेत बसवून बघा, सैल बसलं की स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग तो निघता निघत नाही. बिटवाला, म्हणजे टोकं बदलता येणारा, घ्यायचा तर पाव इंची षटकोनी बिटचा घ्या, हे बिट सहज मिळतात. आणि प्लीज, खिशातल्या टेस्टरने घट्ट स्क्रू पिळू नका, आतला निऑन दिवा खराब झाला तर करंट असूनही तो लागणार नाही, जिवाशी खेळ आहे तो. विमानप्रवासात चेक-इन बॅगेत टाका.